टिंबाची कळ

कोल्हापूर,
रविवार, २३ ऑक्टोबर १९८८

आक्का,

कागद सरकतो आहे म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्या ठेवला आहे. दोन ओळी झाल्या की तांब्या उचलायचा, कागद वर ढकलायचा, तांब्या परत ठेवायचा. त्यात वेळ जातो. आज रविवार आहे, वेळ आहे.

नमस्कार राहिला. तुला आणि दाजींना नमस्कार. चिमणी दसऱ्याला सासरहून आली असेल. तिला मामाचा आशीर्वाद सांग. सांगावासा वाटला तर.

अक्षर बघून हे दुसऱ्या कुणी लिहिलं असं वाटेल. मीच लिहितो आहे.

इकडे ठीक आहे. तुझी भावजय अंबू बरी आहे. पाऊस लांबल्यामुळे कारखाना दिवाळीनंतरच सुरू होईल. गंगावेशीतून कारखान्याची बस सुटते ती आता नवी आली आहे, पायरी जरा खाली आहे. आमच्या वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असतो. अंबू म्हणते, आपला इकायला काढा.

उद्या माझ्या कामाचा निकाल आहे. आमचे साहेब सकाळी माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसणार. मी यंत्रावर काम कसं करतो ते बघणार आणि मला तिथं ठेवायचं की गेस्ट हाऊसवर पाठवायचं ते ठरवणार. गेस्ट हाऊसवर काम नाही. पाहुणे आले की किल्ली द्यायची, गेले की घ्यायची. मधल्या वेळात खुर्चीत बसायचं. पगार तोच.

“आरामाची जागा आहे, कृष्णातराव,” साहेब म्हणाले. “मी तुमच्या भल्याचंच बघतोय.”

ते खरं आहे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. मी एवढंच म्हणालो की, साहेब, एकदा माझं काम बघा आणि मग ठरवा. ते बरं म्हणाले.

मला त्या खुर्चीत बसायचं नाही, आक्का. का ते पुढे लिहितो.

आधी यंत्राचं सांगतो. गेल्या वर्षी कारखान्यात संगणक आला हे तुला सांगितलं होतं. मूळ यंत्र वेगळ्या खोलीत, थंड हवेत असतं. तिथं चपला बाहेर काढून जावं लागतं. जीपवरचा अमीन म्हणतो, वाडीच्या देवळात आल्यागत वाटतंय, नारळ तेवढा राह्यला. आमच्या खोलीत नुसते दोन पडदे आहेत आणि प्रत्येकापुढे टाइपरायटरसारख्या कळा. एका पडद्यावर मी. दुसऱ्यावर नजीरा जमादार. ती पुण्याला जाऊन हे शिकून आली आहे. वयानं माझ्याहून बरीच लहान, बोलायला तिखट. मला दादा म्हणते.

टाइपरायटरवर अक्षराची कळ दाबली की अक्षर उमटतं. इथं तसं नाही. इथं लिहिण्याची वेळ वेगळी आणि दुरुस्तीची वेळ वेगळी. दुरुस्ती करत असताना तीच अक्षरं हुकूम होतात. एक कळ पुढच्या जागी नेते, एक शब्द खोडते, एक नुकतं केलेलं परत घेते. सुरुवातीला माझा फार गोंधळ झाला. वीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाची बोटं डोक्याला विचारत नाहीत. मी नाव लिहायला जायचो आणि यंत्र ओळच गिळायचं.

सध्या काम ऊस नोंदणीच्या यादीचं आहे. कारखान्याचे गट बदलले. चौथ्या गटातल्या ज्यांची शेतं ओढ्यापलीकडे आहेत ते आता अकराव्या गटात. अलीकडचे चौथ्यातच. शेतकी खात्यानं कागदावर लाल पेन्सिलीनं खुणा करून दिल्या आहेत. खूण असेल त्याचा गट बदलायचा, नसेल त्याला सोडायचं. यंत्राला ओढा माहीत नाही, म्हणून सगळे एकदम बदल असं त्याला सांगता येत नाही. प्रत्येक नावापाशी थांबावंच लागतं.

मी थांबत होतो. जुना गट खोडायचा, नवा लिहायचा, लिहिणं संपलं अशी कळ दाबायची, पुढच्या नावावर जायचं, परत तेच. पूर्वी माझी बोटं कळांकडे न बघता चालायची. हल्ली एकेक कळ बघावी लागते. एका बोटानं. दुपारपर्यंत एक पान होत नव्हतं आणि खांदा भरून यायचा.

नजीरा काही दिवस बघत होती. मग एकदा तिनं खुर्ची माझ्याकडे ओढली.

“दादा, तेच तेच किती बडवतासा?”

“बडवल्याशिवाय व्हतंय काय?”

“एकदा बडवलंसा न्हवं? आता पुढच्या नावावर जावा. गेलासा? आता नुसतं टिंब दाबा की.”

“कुठलं टिंब?”

“वाक्य संपल्यावर देतासा ते.”

मी टिंब दाबलं. जुना गट गेला, नवा आला. एका कळीत.

टिंब म्हणजे, मघाशी केलंस ते परत कर. एवढाच हुकूम. काय केलं होतं ते यंत्र लक्षात ठेवतं. आपण फक्त जागा दाखवायची. जुना गट जिथं अजून आहे अशा पुढच्या नावावर नेणारी एक कळ आणि हे टिंब. लाल खूण दिसली की टिंब, नसली की सोडून पुढे. दोन कळा, एक बोट. डोळा ठरवणार आणि यंत्र राबणार. मी त्या दिवशी जेवायला उठलो नाही. नजीरानं डबा टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, “टिंब दावलं म्हंजे भाकरी सोडली असं नसतंय.”

तिला विचारलं, हे आधी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, “तुमी इचारलंसा कवा? आमच्या आब्बांचं पण आसंच. हात मोडला तरी कुणाला म्हणणार न्हाईत, धरा म्हणून.”

मग ती आपल्या पडद्याकडे वळली.

अमीन परवा मलकापूरला जीप घेऊन आला होता, तुझ्याकडे थांबला होता. तो परत आला तो सरळ माझ्याकडे. तू त्याला माझी पत्रं दाखवलीस म्हणे. मे महिन्यापासूनची सगळी, टाइप केलेली. आणि म्हणालीस, “भनीला कोण टाइप करून पत्र लिवतंय? नोटीस हाय व्हय ही? खाली सही बी न्हाय.”

अमीन म्हणाला, “कृष्णातराव, मला आता खोटं सांगवत न्हाय. आक्कांनी भाकरी वाढली आन इचारलं, माझा भाऊ मला इसरला काय. तुमी सांगितल्याली एकच वळ माझ्याकडं. कामात हायत, कामात हायत. ती तरी कितींदा म्हणू?”

तीच ओळ मी तुला प्रत्येक पत्रात लिहिली. कामात आहे, सवड झाली की येतो.

अंबूनं हे ऐकलं आणि आज जेवण झाल्यावर कागद, पेन माझ्यापुढे ठेवलं. “लिवा आता,” म्हणाली. “हातानं लिवा. न्हायतर मलकापूरची गाडी मला बी ठावं हाय.”

म्हणून लिहितो आहे.

हा डावा हात आहे, आक्का.

चिमणीच्या लग्नाला थोडे दिवस राहिले होते. सकाळी न्हाणीत होतो, साबण सुटला. वाकून घ्यायला गेलो तर उजवा पाय ऐकेना. अंबूला हाक मारली ती तोंडातून अशी बोबडी निघाली की तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बोलणं महिन्याभरात परतलं. पाय ओढतो, पण चालतो. बसची पायरी चढतो. हात आला नाही. खांद्याला लटकलेला असतो. झोपेत अंगाखाली सापडतो आणि कळत नाही.

लग्नाला मी आलो नाही ते यामुळे. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, हातात लिंबू टोचलेली कट्यार धरायची. मला ती उजव्या हातात धरता आली नसती. डाव्या हातात धरली असती तर मांडवात कुणीतरी विचारलं असतं, आणि दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं की ह्यांच्या वडलांना, आण्णांना बी आसंच झालतं, घराण्यातच हाय. अक्षता पडायच्या आधी ते तुझ्या व्याह्यांच्या कानावर गेलं असतं. सोयरिकी याहून लहान गोष्टीवरून मोडलेल्या आपण दोघांनी बघितल्या आहेत.

हे मी अंबूला सांगितलं. अमीनला सांगितलं आणि गप्प राहायला लावलं. यात खोटं काही नाही. पण ते कारण मला नंतर सुचलं. दवाखान्यात पडलो होतो तेव्हा चिमणीचं लग्न डोक्यात नव्हतं. अंबू म्हणाली, आक्कांना तार करू. मी डाव्या हातानं तिचा पदर धरला आणि मान हलवत राहिलो. बोलता येत नव्हतं म्हणून मान हलवत राहिलो.

तू येशील ही भीती होती.

आण्णा बाहेरच्या सोप्यात पडून होते ती वर्षं तू काढलीस. भरवणं, पुसणं, कूस वळवणं. तुझ्या बरोबरीच्या मुली नांदायला गेल्या आणि तू आण्णांच्या उशाशी वारा घालत बसलीस. मला म्हणायचीस, तू जा, क्लासला उशीर होतोय. मी जायचो. क्लासमध्ये टाइपरायटरचा आवाज इतका मोठा असायचा की दुसरं काही आठवायचं नाही. तो आवाज मला आवडायचा. टायपिंगची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो, त्याचं कारण माझी हुशारी नव्हे.

आण्णांचं पडणं मला तितकं आठवत नाही. त्यांचं बसणं आठवतं. नंतरच्या काळात त्यांना खुर्चीत बसवता यायचं. अंगणाकडे तोंड करून बसवलेले असायचे. येणारा जाणारा म्हणायचा, बसलाय होय आण्णा, बसा बसा. ते हसायचे. तू आतून बघायचीस. तुझा चेहरा तेव्हा कसा व्हायचा ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. तो मला माझ्याकडे बघताना पाहायचा नव्हता.

गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात एक खुर्ची आहे. तिचं तोंडही अंगणाकडे आहे.

साहेबांना हे सांगण्यासारखं नाही.

तू म्हणशील, मग यंत्राची एवढी हकिकत कशाला. अमीनपण तेच म्हणाला, टिंब टिंब काय लावलंय. त्याला समजावता आलं नाही. वारं गेल्यापासून माझ्या बाजूनं झालेली ही एकच गोष्ट आहे. उजवा हात गेला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता हळूहळू करा. हळूहळू मला करता येत होतं. पण हळू करणाऱ्याला लोक आधी थांबून बघतात, मग मदत करतात, मग त्याचं काम दुसऱ्याला देतात. टिंबामुळे मी दोन हातांच्या माणसाइतका चालतो. यादीपुरता. पडद्यावर काम कुठल्या हातानं झालं ते दिसत नाही.

पण ते डोळे मिटून दाबण्याचं काम नाही. कालच फजिती झाली.

गटाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं. त्यासाठी एक कळ एका हातानं धरून दुसऱ्या हातानं अक्षर दाबतात. मला ते जमत नाही, म्हणून मी मोठ्या अक्षरांची कळ कायमची दाबून ठेवतो, लिहितो आणि मग ती सोडवतो. काल सकाळी अर्धी यादी झाली. चहानंतर नजीरासाठी मधेच दुसरी एक दुरुस्ती केली, त्यामुळे टिंबाला आता तीच आठवत होती. मग गटाचा बदल पुन्हा एकदा पूर्ण लिहिला, आणि मोठ्या अक्षरांची कळ सोडवायची विसरलो.

त्या कळीखाली पुढे जायचा हुकूम उलटा होतो. मागे नेतो. मला कळलं नाही. कागदावर पुढे सलग लाल खुणा होत्या, म्हणून मी कागदाकडे बघणं सोडलं होतं. पुढे, टिंब, पुढे, टिंब. पडद्यावर सगळे पाटीलच. कुठले पाटील ते कोण बघतो. हात चालला होता, बरं वाटत होतं. असं बरं मला एप्रिलपासून वाटलं नव्हतं.

सकाळी ज्यांना मुद्दाम सोडलं होतं नेमके तेच मागून एकेक येत होते आणि मी त्यांना पलीकडे धाडत होतो.

नजीरा मागे येऊन उभी राहिली. “दादा, वढ्यावर पूल बांधलासा काय? समदी पल्याड निघालीत.”

मी कागदाशी ताडून बघितलं. नुकतं केलेलं परत घेणारी कळ आहे, पण ती फक्त शेवटचं एक परत घेते. मागचे सगळे तसेच राहणार. मला वाटलं, झालं, सोमवारी साहेबांना हेच दिसेल. मी उठायला लागलो.

“बसा,” ती म्हणाली. “गेल्याली आणायची बी तशीच. एकाला हिकडं आणा. मग टिंब हायच की.”

आणि तिनं कागद उचलून माझ्यापुढे धरला. मी एकाचा गट पूर्ववत केला. मग एकेक नाव कागदावर बघून, टिंब दाबून, सगळ्यांना परत अलीकडे आणलं. तिला मदत करता आली असती. तिनं केली नाही, नुसता कागद धरून उभी राहिली. शेवटचा आला तेव्हा म्हणाली, “आता बघून दाबा म्हंजे झालं.” आणि चहा सांगायला गेली.

घरी येताना बसमध्ये वाटलं, हे आक्काला सांगितलं असतं तर ती हसली असती. पूल बांधलासा काय, हे तुला आवडलं असतं. मग वाटलं, ते सांगायचं तर आधी बाकीचं सांगावं लागेल.

ते आता सांगितलं.

पाच महिने तुला फसवलं असं तू म्हणशील, तर तसं म्हण. भाऊबीजेचं बोलावणं येणार नाही हे मी धरून चाललो आहे. चिमणीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. तिच्या घरी कळायला नको असेल तर हे पत्र चुलीत घाल.

एकच मागतो. तू यायचं नाहीस. अंबू करते आहे ते पुरेसं आहे. आण्णांचं झालं, तुझं त्यातलं आता संपलं. पुन्हा तेच तुझ्या वाट्याला यायला नको. उद्या मला त्या खुर्चीत बसवलं तर मी तुला ते कळवीन, पण बघायला येऊ नकोस. खरंच येऊ नकोस. दाजींनाही पाठवू नकोस.

बोटं आता दुखतात. सही खाली केली आहे. ती माझीच आहे, नीट बघितलंस तर क ओळखू येईल.

तुझ्या पाठचा,
कृष्णात

सोमवार, दुपार.

पाकीट काल बंद केलं नव्हतं, म्हणून खाली लिहितो.

आज सकाळी साहेब आले आणि शेजारी बसले. यादीचं काम थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, हे समजलं, आता एक पत्र घ्या. पुण्याला पाठवायचं इंग्रजी पत्र त्यांनी तोंडी सांगितलं. त्यात प्रत्येक शब्द नवा होता, टिंबाचा उपयोग नव्हता. एकेक अक्षर शोधून लिहिलं. साहेबांचा चहा गार झाला. नजीरा आपलं काम सोडून बसली होती, मी तिला खुणेनं काम चालू ठेव म्हटलं. पत्र संपल्यावर साहेबांनी ते दोनदा वाचलं. चूक नव्हती. ते म्हणाले, “पत्रं नजीराबाई करतील. याद्या तुमच्याकडे राहू देत. गेस्ट हाऊसला मी दुसरा माणूस बघतो.”

आता ये. दिवसा आलीस तर अंबू असेल, मी घरी सापडणार नाही. संध्याकाळच्या बसनं घरी येतो.